उसनं फेडायची घाई करू नकोस

मावशी,

पुणं सोडून आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूच्या एका गावात राहायला आलो, त्याला दीड वर्ष होऊन गेलं. नवऱ्याचं हे मूळ गाव. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, सासूबाईंना एकटीनं निभेना, म्हणून आलो. नवरा कंपनीचं काम घरूनच करतो. मुलगी अकरा वर्षांची, गावच्या सरकारी मराठी शाळेत सहावीला आहे. मी संध्याकाळी गावातल्या मुलांना गणित आणि शुद्ध मराठी फुकट शिकवते. देवळाला दोन पंखे दिले. कुणाचं काही अंगावर ठेवत नाही. शेजारून वाटीभर काही आलं तर त्याच संध्याकाळी कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा पाठवते. तरी गावाला मी 'पुण्याची'च. मी कट्ट्याकडे गेले की बायका बोलायच्या थांबतात. शेजारच्या अक्का जुलैत आणखी दोघींना घेऊन तीन दिवस आमची रोप लागवड करून गेल्या. मी पाकिटात मजुरी घालून दिली. त्यांनी घेतली नाही आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. माझं काय चुकलं?

दुसरी गोष्ट इथं कुणालाच सांगितलेली नाही. हे माझं दुसरं लग्न, आणि मुलगी पहिल्या लग्नाची आहे. सासूबाई म्हणाल्या, गावात वाच्यता नको. गणपतीत झिम्मा-फुगडीला गेलो होतो, तिथं एक बाई म्हणाली, "पोरगी बापाच्या तोंडावळ्याची न्हवं बघ." मी हसून विषय बदलला. मुलीनं ते ऐकलं होतं. रात्री मला म्हणाली, "आई, मी लपवायची गोष्ट आहे का?" मला उत्तर देता आलं नाही.

— पुण्याची

*

पोरी,

तुझ्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते. वाटी, मजुरी, कट्टा यांना अजून महिना-दोन महिने लागले तरी चालतील. लेकीच्या प्रश्नाला मात्र आधीच उशीर झालाय. हे वाचलंस की आजच तिला जवळ घे आणि सांग, "नाही. तू लपवायची गोष्ट नाहीस. मी घाबरले होते, चूक माझी झाली." एवढंच सांग. आजी असं म्हणाली, गाव तसं आहे, यातलं काही त्यात घालू नकोस. तिला आत्ता कारणं नको आहेत.

मग तिलाच विचार, कुणाला सांगूया, किती सांगूया. तुझ्या पहिल्या संसारात काय झालं हे तुझं आहे, पण आपला बाप कोण ही गोष्ट तिचीही आहे. "माझ्या मैत्रिणीला मी सांगणार" म्हणाली तर सांगू दे. "अजून नको" म्हणाली तर तू थांब. गावाशी मोकळं व्हायच्या नादात लेकीला न विचारता तिचं आयुष्य कट्ट्यावर मांडलंस, तर तिला वाटेल, आधी मला लपवलं आणि आता वाटून टाकलं.

आता एक सांगते, ते ऐकून घाबरू नकोस. मी एकतीस वर्षं तुझ्याच तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत शिकवलं. दुसऱ्या गावाहून मूल आलं की त्याच्याबरोबर दाखला येतो. दाखल्यावर बापाचं नाव असतं, ते प्रवेशाच्या वहीत चढतं आणि तिथून हजेरीपटावर येतं. लेकीचं नाव कागदोपत्री बदलून घेतल्याचं तू लिहिलेलं नाहीस. मग गुरुजींना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. गुरुजींना माहीत म्हणजे एसडीएमसीतल्या, शाळेच्या समितीतल्या, एक-दोघांना माहीत, आणि वर्गातली पोरं तर रोज हजेरी ऐकतात. दीड वर्ष तू जे कवटाळून बसलीस ते गावातल्या बऱ्याच चुलींपर्यंत पोचलेलं असेल असं मला वाटतं. कट्ट्यावरच्या बायका तू आलीस की गप्प होतात, त्यातलं निम्मं कारण हेच असेल. तुझ्यासमोर काय बोलायचं आणि काय नाही, हे त्यांना कळत नाही. फुगडीतली ती बाई कुचकी असेलही. पण आपल्याकडं कधी कधी असं बोलून बाई चाचपून बघते, ही आता तरी सांगते का म्हणून.

आणि दुसरं लग्न या गावांना काही नवीन नाही. आपल्याकडं त्याला पाट म्हणायचे, म्होतूर म्हणायचे. कन्नडमध्ये त्याला उडकी म्हणतात. काडीमोड हा शब्द काही पुण्याहून आलेला नाही. शेतकरी घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पहिल्या घरची पोरं नव्या घरात वाढलीत, त्यांनी शेतं केलीत, म्हाताऱ्यांना शेवटी पाणी पाजलंय. शिकल्या-सवरलेल्या घरांत लाज वाटायला लागली ती मागाहून. तुझ्या आजेसासूच्या वयाच्या एखाद्या म्हातारीशी बोलून बघ, ती तुला चार घरं बोटावर मोजून दाखवेल.

सासूबाईंवर रागावू नकोस. सून म्हणून त्या या गावात आल्या त्याला किती वर्षं झाली असतील! त्यांनी गावाची जीभ सोसलेली आहे, ती तुला लागू नये म्हणून त्यांनी झाकून ठेवलं. त्यांना डावलून सांगू नकोस. "मी अक्कांना सांगायचं म्हणते, तुम्ही माझ्याबरोबर बसाल का?" असं विचार. पहिल्या दिवशी नाही म्हणतील. चार दिवसांनी परत विचार. सासू शेजारी बसलेली असताना सुनेनं सांगितलं, तर त्याचं वजनच वेगळं पडतं. आणि नवऱ्याशी आधी बोल. तू त्याच्याबद्दल पत्रात एक ओळ लिहिलीस, तीही त्याच्या कामाबद्दल. लेकीला त्यानं आपलं म्हटलंय ना? मग चारचौघांत "माझी लेक" म्हणून त्यानंही बोलायला हवं. यात्रेला, पारायणाला, शाळेच्या कार्यक्रमाला तिचा हात धरून त्यानं जावं. तुझ्या दहा वाक्यांचं काम त्यानं होईल.

सांगायचं एकीलाच, अक्काला. घरी बोलावून चहा ठेवून "मला तुमच्याशी बोलायचंय" अशी सुरुवात करू नकोस, बाईच्या पोटात गोळा येतो. तिच्या सोप्यावर जा. ती मिरच्यांची देठं काढत असेल, तांदूळ पाखडत असेल, तर तू पण बस, हात घाल. हात कामात असले की जड बोलणं हलकं होतं, आणि एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. मग सांग, "अक्का, हे माझं दुसरं लग्न. लेक पहिल्या घरची." आणि गप्प राहा. "कुणाला सांगू नका हं" एवढं मात्र म्हणू नकोस. तसं म्हटलंस की तुझं ओझं तू तिच्या डोक्यावर दिलंस. कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं हे तिला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. पुढच्या वेळी फुगडीत कुणी तोंडावळ्याचं काढलं, तर उत्तर अक्काच देईल, तुला द्यावं लागणार नाही.

पण त्याआधी अक्काशी जे बिनसलंय ते नीट करायला हवं.

तुमच्या भागात पैरा चालतो. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. दिवसाला दिवस, माणसाला माणूस. हे कुठल्या वहीत लिहीत नाहीत, पण कुणी विसरतही नाही. रोप लागवडीला दहा-बारा जणी एका ओळीत वाकून लावत जातात, वरून पाऊस, पाय घोट्याच्या वर चिखलात, आणि एकीचं रान आटोपलं की दुसरीचं. अक्का तीन दिवस दोघींना घेऊन आली, म्हणजे तिनं तुमच्या घराला या फेऱ्यात घेतलं. "ही आमच्यातली" हे ती तोंडानं बोलली नाही, वाकून बोलली. तू पाकीट पुढं केलंस त्या क्षणी ती मजूर झाली आणि तू मालकीण. तू वाईट हेतूनं केलं नाहीस, शहरात हेच सभ्यपणाचं आहे, हे मला समजतं. पण तिच्या बाजूनं बघ. तिनं तुमच्याकडून तीन दिवस येणं धरलं होतं, आणि तू हिशोब मिटवायला निघालीस. हिशोब मिटला की येणं-जाणं पण मिटतं गं.

कुंद्याच्या डब्याचंही तेच. भांडं रिकामं परत पाठवू नये, हे तुझ्या आईनंही तुला शिकवलं असेल. पण त्यात घरचं काहीतरी घालायचं, चार लिंबं, मूठभर शेंगा, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. तेही दोन-चार दिवसांनी. ते भांडं तोवर तुझ्या फळीवर राहतं आणि तिला ठाऊक असतं की आपलं भांडं तिकडं आहे. त्या निमित्तानं ती हाक मारते, तू जातेस. वाटीभर अळंबीच्या भाजीला त्याच संध्याकाळी बेळगावच्या दुकानातला डबा गेला, तर पुढच्या पावसाळ्यात अळंबी मिळाली तरी ती तुझ्याकडं पाठवताना दहादा विचार करेल. तिला तेवढ्या तोलाचं द्यायला जमायचं नाही.

हे मी कुठं शिकले ते सांगते. १९८४ साली माझी पहिली नेमणूक तालुक्याच्या पश्चिम भागात झाली. मी बेळगावात वाढलेली, शहापूरची. एकटी बाई, भाड्याची खोली. मी ठरवूनच गेले होते, कुणाकडं हात पसरायचा नाही आणि कुणाला बोलायला जागा द्यायची नाही. दिवसासुद्धा दार लावून बसायची. आठ महिने असे गेले. जून संपता संपता पाऊस असा लागला की पंधरा दिवस सूर्य दिसला नाही, भिंतींना ओल, धुतलेलं लुगडं चार दिवस वाळेना. त्यात मला ताप भरला. दोन दिवस शाळेला गेले नाही, चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या परड्यातून शेजारची बाई आली. गोणपाटाची खोळ डोक्यावर, पदराखाली पितळी तांब्या. त्यात नाचण्याची आंबील होती, वर लसणाची फोडणी. खोळ दारातच झटकली, आत येऊन तिनं आधी चुलीत हात घालून बघितला. राख गार होती. मग तांब्या माझ्यापुढं ठेवला.

मी आपली म्हणत राहिले, कशाला त्रास, कशाला एवढ्या पावसात आलात. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, माझा पोरगा मिल्ट्रीत हाय. त्याचं पत्र आलं की वाचून घ्यायला मला तुमच्याकडंच यायचंय. तवा मला लाज वाटू नये, म्हणून आत्ता हे घ्या."

आठ महिन्यांत चारदा त्याचं पत्र आलं होतं. ती दर वेळी पत्र घेऊन माझ्या दारापर्यंत आली होती आणि दार लावलेलं बघून परत गेली होती. दोन मैल चालून दुसऱ्या गावच्या मास्तरांकडून वाचून घेत होती. हे तिनं मला सांगितलं नाही, पुढं तिच्या सुनेकडून कळलं. मला वाटत होतं, मी कुणाला त्रास देत नाही. आणि माझ्या न घेण्यामुळं तिला मागता येत नव्हतं.

तू पोरांना फुकट शिकवतेस, पंखे देतेस. चांगलंच आहे, ते बंद कर असं मी म्हणत नाही. पण दीड वर्षात तू गावाकडून काय मागितलंस? पत्र मी तीनदा वाचलं, मागितल्याची एक ओळ सापडली नाही. ज्या घरातून नुसतं येतच राहतं आणि जिथं आपल्याकडचं काहीच चालत नाही, त्या घरात बाई पाय पसरून बसत नाही. तेव्हा माग. विरजण माग. पाहुणे आले तर दोन पाट माग. सासऱ्यांना कुशीवर वळवायचं असलं आणि नवरा फोनवर असला, तर शेजारच्या पोराला हाक मार. अर्धांगाचं दुखणं घरात असताना तू एकदाही कुणाला हाक मारली नाहीस, हे गावाला दिसत असतं. त्यांना ते परकेपणाचं वाटतं, तुला ते स्वावलंबन वाटतं.

दिवसा दार उघडं ठेव. आपल्या गावांत दिवसा दार लागलं म्हणजे घरात दुखणं आहे किंवा भांडण आहे, असंच लोक धरतात. आणि कुणी येता-जाता "काय करूलैस?", "आमटी कशाची केलीस?", "कुठं निघालीस?" असं विचारलं, तर ती चौकशी आहे असं समजू नकोस. तो नमस्कार आहे. "वांग्याची केली, तुमची काय?" एवढं परत दिलंस की झालं.

'पुण्याची' या शब्दाचा तू फार त्रास करून घेतलास, अगदी सहीसुद्धा तीच केलीस. जरा कट्ट्यावरच्या बायकांची नावं ऐक. एकीला नंदगडची म्हणतात, एकीला गुंजीची, एकीला कणकुंबीची. त्या गावातली जवळपास प्रत्येक सासुरवाशीण परगावची आहे. कुणी पंधरा वर्षांची असताना आली, रडत आली, भाताच्या रानात कधी उतरली नव्हती, सासूनं पहिल्या वर्षी काय काय ऐकवलं ते अजून तिच्या ओठांवर आहे. तुला वाटतं, आत एक गाव आहे आणि तू एकटी बाहेर उभी आहेस. त्या बायका पण बाहेरूनच आल्या. विचार त्यांना, माहेर कुठलं, पहिल्या पावसाळ्यात काय झालं. विचारून गप्प बस आणि ऐक. मला तर निवृत्त झाले तेव्हाही गावात 'बेळगावच्या बाई'च म्हणत होते. निरोपाला त्याच नावानं हाका मारून रडले.

एक गोष्ट मात्र तू थांबवावीस असं मला वाटतं, आणि हे मी मराठीची शिक्षिका म्हणून बोलते. मुलांचं बोलणं 'शुद्ध' करणं. पोरगं "मी जाऊलालोय" म्हणालं की तू "जात आहे असं म्हण" म्हणत असशील. ते घरी जाऊन आईला तेच शिकवतं. आणि मग ती आई तुझ्यासमोर तोंड उघडत नाही. कट्टा गप्प होण्याचं उरलेलं निम्मं कारण मला इथं दिसतं. ही बोली कन्नडच्या शेजारी शेकडो वर्षं नांदली, तिनं कन्नडकडून घेतलं, कन्नडला दिलं. जिथं गावच्या पंचायतीचा कागद मराठीत मिळत नाही, तिथं घराघरांत मराठी टिकली ती याच बोलीत टिकली. कडोलीला, येळ्ळूरला, उचगावला, कुद्रेमानीला लोक दरवर्षी साहित्य संमेलन भरवतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, डोक्यावर कळस घेऊन बायका पुढं असतात, लेझीम असतं, दुपारी सगळ्या गावाला जेवण. ते भरवणारे लोक घरी "जाऊलालोय"च म्हणतात. यंदाच्या हंगामात लेकीला घेऊन एखाद्या संमेलनाला जा. मुलांना लिहायला प्रमाण मराठी जरूर शिकव, परीक्षेला ती लागते. बोलताना त्यांचं त्यांना बोलू दे, आणि एखादा शब्द अडला तर तू त्यांना विचार.

आणि कन्नड शिक. तुला शिकवणारी तुझ्या आळीतच असेल, खानापूरला कॉलेजला जाणारी कुणाची तरी लेक. तिला सांग, "मला अक्षरं शिकव." हेही मागणंच आहे, आणि हे मागितलंस तर त्या घराला फार बरं वाटेल. शेताचा उतारा कन्नडमध्ये, रेशन कार्ड कन्नडमध्ये, पीडीओंच्या, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांच्या, कार्यालयातली पाटी कन्नडमध्ये. सासूबाईंचे सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार या महिन्यात का आले नाहीत, हे तुला स्वतःला वाचता यायला हवं. आधारवरचा पत्ता अजून पुण्याचा असेल तर तो बदलून घे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, पण पत्ता इथला लागतो. आठवड्यातून एकदा गाडी घरी ठेव आणि खानापूरला बसनं जा. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, मांडीवर कुणाची तरी पिशवी येते, कुणाचं तरी पोर येतं, आणि तासाभरात तुला जेवढं गाव कळतं तेवढं क्लासमधून वर्षात कळायचं नाही.

कन्नड शिकलीस म्हणजे मराठी सोडलीस असं होत नाही, हे तुला गावातली म्हातारी माणसंच सांगतील. १ नोव्हेंबर आता येईल. एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं हा भाग महाराष्ट्रात हवा म्हणणाऱ्या आपल्या लोकांचा काळा दिन. पुण्याकडं बसून या सीमाप्रश्नावर बोलणं सोपं असतं. इथं १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांची आठवण घराघरांत आहे, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल तोंडपाठ असलेली माणसं आहेत, महाराष्ट्रानं २००४ साली घातलेल्या दाव्यासाठी सुप्रीम कोर्टाकडं डोळे लावून बसलेली माणसं आहेत. त्याच माणसांची पोरं कन्नड शाळेत आहेत, व्यापार कन्नड माणसाशी आहे, दुखण्याला धावून येणारा शेजारी कन्नड आहे. हे सगळं एका माणसात एका वेळी असतं. तू पहिली काही वर्षं यावर मत देऊ नकोस, विचार आणि ऐक. तुझ्या सासऱ्यांची वाचा शाबूत असेल तर त्यांच्यापासूनच सुरुवात कर. अंथरुणावर पडलेल्या माणसाला कुणी जुनं विचारलं की त्याचा दिवस बरा जातो.

आणखी एक, आणि हे जरा कठीण आहे. गाव आपलंसं करतं तेव्हा आपल्या गाठीही आपल्याला देतं. तुझ्या क्लासला गावच्या टोकाच्या वस्तीतली मुलं येतात का? आली तर त्याच चटईवर बसतात का, त्याच तांब्यानं पाणी पितात का? कुणीतरी तुला हळूच सांगेल, "त्यांना जरा बाजूला बसवा, बाकीची यायची न्हाईत." माझ्या काळी मला सांगितलं होतं. पहिल्या वर्षी मी ऐकलं, गावात रुजायचं म्हणून ऐकलं. ती तीन मुलं पुढच्या जूनमध्ये शाळेत आली नाहीत. अजून मला त्यांचे चेहरे दिसतात. तू ऐकू नकोस. दोन-चार मुलं क्लास सोडतील, सोडू देत. ज्या गावात तुझ्या लेकीला बापावरून कुणी वेगळं काढू नये असं तुला वाटतं, त्या गावात दुसऱ्याच्या लेकराला जातीवरून बाजूला बसवायला तुझा हात लागू नये.

आता सुगीचं. दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला येईल. त्याआधीच अक्काकडं जा. मोठी माफी मागू नकोस, तिला संकोच वाटेल. "अक्का, पैरा असतो हे मला ठाऊक नव्हतं, माझं चुकलं. सुगीला तीन दिवस मी येणार" एवढं बोल. ती म्हणेल, "तू काय कापणार गं, हात कापून घेशील." तरी जा. बाई लावून दिली असं करू नकोस, स्वतः जा. तुझी ओळ मागं पडेल, दुसऱ्या दिवशी कंबर वाकणार नाही, बोटाला चिंधी बांधावी लागेल. बायका हसतील, हसू देत. पेंढ्या बांधायला तरी शिकशील. न्याहारीला सगळ्या बांधावर बसल्या की कुणीतरी भाकरी तुझ्या हातावर ठेवेल, ती मुकाट्यानं खा. तिसऱ्या दिवसापर्यंत कुणीतरी तुला काहीतरी मागेल. औषधाची चिठ्ठी वाचून दे म्हणेल, पोराचा अर्ज भरून दे म्हणेल. लेकीचं सांगायला मग मुहूर्त शोधावा लागणार नाही.

शनिवार-रविवार असला तर लेकीलाही ने. भाऱ्यावर बसून पोरं काय काय बोलतात, ते तिला ऐकू दे.

आणि विळा बाजारातून नवा आणू नकोस. अक्काकडंच माग.

— मावशी